ताईचा बिलगा

३ सप्टेंबर

पोचले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा माझा कोट इतका चुरगळला होता की भाऊजींनी कशी आहेस वगैरे काही न विचारता आधी त्याच्याकडेच पाहिलं. लॉन्ड्रीवालीची बहीण अशी गावातून चालत गेली तर धंदा बसेल, म्हणाले. भाऊजी आहेत तसेच आहेत. पोट जरा सुटलंय, विनोद तेच आहेत. माझं शिलाई मशीन त्यांनी हट्टाने स्वतः उचललं, आणि चढावर जिथे जिथे दम लागला तिथे तिथे मला देखावा दाखवला.

घर छान आहे. खाली ताईची लॉन्ड्री, वर तीन खोल्या. मला मागची मिळालीय. खालच्या बॉयलरचा पाइप तिच्या भिंतीतून वर जातो, त्यामुळे भिंतीला पाठ लावून बसलं की कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं. खिडकीपाशी मशीन मावेल एवढी जागा आहे. आधी आईचं आजारपण, मग ती गेल्यावरचं ते रिकामं घर, यात स्वतःची खोली कशी असते ते विसरलेच होते. ताईने ये म्हटलं आणि मी एका पायावर तयार झाले. लहानपणी सगळे मला ताईचं शेपूट म्हणायचे. शेपूट परत जागेवर आलं.

ताई जिन्यात उभी होती. मी धावत गेले, तर तिने मला खांद्यांशी धरून थोपवलं. थांब, आधी त्याला पाहू दे, म्हणाली. मग तिच्या कॉलरमधून दोन काळे डोळे वर आले.

हाच तो बिलगा. ताईच्या फोनवर त्याचा उल्लेख असायचा, पण मी आपली मांजरबिंजर समजत होते. मुठीएवढा जीव. ओल्या वाळूच्या रंगाची मऊ लव, कान दिसत नाहीत, शेपूट नाही, आणि चारही पाय हातांसारखे, काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या बोटांचे. हे प्राणी डोंगरातल्या कपारींत राहतात, थंडी पडली की खाली उतरतात आणि एखादं माणूस धरतात. एकच. त्याला बिलगून राहतात म्हणून बिलगे. गावात पुष्कळांच्या कॉलरमध्ये असतात म्हणे. ताईच्या बिलग्याचे डोळे कोटाच्या बटणांसारखे आहेत, म्हणून तो बटण्या.

त्याने मला नीट पाहून घेतल्यावर ताईने मला जवळ घेतलं. डाव्या बाजूने. उजवी बाजू त्याची आहे.

८ सप्टेंबर

कामाला लागले आणि बरं वाटलं. धुणं आणि डाग ताईकडे, वाफेची इस्त्री भाऊजींकडे, शिवण-टिपण माझ्याकडे. ताईला डाग नुसता बघून कळतो. शाई, गंज, फळाचा रस, रक्त. प्रत्येकाचं पाणी वेगळं. गिऱ्हाईक लाजून काहीतरी भलतंच सांगतं, ताई मान डोलावते आणि खऱ्या डागाची बाटली उचलते.

माझ्याकडे इथलं एक खास काम आलंय. बिलगा असलेल्यांच्या कोटाला उजवीकडे रुंद कॉलर लागते, आणि तिच्या आत एक झोळीसारखा खिसा. त्याला नवं कापड चालत नाही. त्या माणसाचाच अंगावर विरलेला जुना सदरा आणावा लागतो, त्याचं अस्तर लावायचं. नव्या कापडात बिलगा बसत नाही, त्याला त्या माणसाचा वास लागतो. पोस्टमास्तरांच्या कोटाला मी पहिला खिसा लावला. त्यांच्या बिलग्याने आत जाऊन एक गिरकी घेतली आणि घुमायला लागला. पारव्यासारखा आवाज, पण फार खोल, कानापेक्षा हाडांना जास्त ऐकू येणारा. पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. मला उगीचच आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलोय असं झालं.

ताई सांगत होती की बिलगा घुमतो ते माणसाच्या काळजाच्या ठोक्यावर. तिने माझा हात तिच्या छातीवर ठेवला. खरंच, ठोका आणि घुमणं एकच.

तो खातो काय हे विचारलं तर म्हणाली, मीठ. कानामागचा घाम चाटतो. डोळ्यांतलं पाणीही. रडू यायच्या आत तो गालावर येतो, मग रडायचं राहूनच जातं.

आई गेली तेव्हा ताई आली होती, तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मी एकटी रडले होते. तो राग मी अजून गिळून होते. आता कारण कळलं. राग मात्र गेला नाही, त्याने नुसतं माणूस बदललं.

१३ सप्टेंबर

आज सुट्टी. नहाणं झाल्यावर मी कंगवा घेऊन ताईच्या पायाशी जाऊन बसले. लहानपणी माझे केस तीच विंचरायची. आईला माझा गुंता सोडवायला वेळ नसायचा. ताई एकेक बट हातात धरून खालून वर यायची, म्हणजे ओढ बसत नाही. चौतीस वर्षांची घोडी झाले तरी तिचा हात डोक्याला लागला आणि मला पेंग यायला लागली.

अर्धे केस झाले असतील. बटण्याने एक आवाज केला. चिरका नाही, मोठा नाही. दाराची बिजागरी हळू कुरकुरावी तसा. ताईचा हात तिथेच थांबला. तिने कंगवा माझ्या मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने त्याला कुरवाळत खिडकीशी जाऊन बसली. बाकीचे तू विंचर, म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही.

उरलेले मी विंचरले. गुंत्यासकट ओढून काढले. पोटात दुखणं हा वाक्प्रचार ज्याने कुणी काढला त्याचं खरंच दुखलं असणार, बरगड्यांच्या खाली, डावीकडे.

एवढासा प्राणी. लाज वाटते लिहायला.

२० सप्टेंबर

भाऊजी वेगळ्या खोलीत झोपतात हे मला आल्या दिवशीच दिसलं होतं, विचारलं नव्हतं. आज दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी आपण होऊनच विषय काढला, तोही विनोदाने. बाईवर दुसरी बाई आली तर तिला सवत म्हणतात. नवऱ्यावर असं काही आलं तर त्याला काय म्हणायचं, आपल्या भाषेत शब्दच नाही. म्हणून मला तक्रारसुद्धा करता येत नाही बघ, म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत. इस्त्रीखालची बाही त्यांनी पुन्हा पुन्हा दाबली.

पहिल्या वर्षी त्यांनाही फार राग यायचा. मग सवय झाली. ताई त्यांच्याशी कधी वाईट वागली नाही. चहा देते, विचारपूस करते, आजारी पडले तर उशाशी बसते. फक्त तिचं लक्ष नेहमी एका कानाने दुसरीकडे असतं. शेजारच्या खोलीत रेडिओ चालू असलेल्या माणसाशी संसार केल्यासारखं आहे, म्हणाले.

मी विचारलं, तुम्ही त्याला कधी हाकलून का नाही दिलं. त्यांनी मला दुकानाच्या दारात नेलं. पोस्टासमोरच्या बाकावर एक बाई बसलेली असते, तिच्याकडे बोट दाखवलं. ती गाणं शिकवायची. तिचा बिलगा तिच्याच एका शिष्येकडे निघून गेला. तेव्हापासून ती अशी बसते. मी परवाच तिच्याजवळून गेले होते. तिने हात जोडून, अगदी गोड हसून, आपण कोण, असं विचारलं होतं. मला वाटलं, किती अगत्याची बाई.

भाऊजी म्हणाले, ती सगळ्यांनाच विचारते. तिच्या मुलालाही.

२७ सप्टेंबर

ताईला न सांगता जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई ठेंगण्या, तोंडाने फटकळ, टेबलावर एका लंगड्या बकरीचा पाय बांधत होत्या. मी आडून आडून विचारलं की एखाद्याचा बिलगा सोडवायचा असेल तर काय करतात. त्यांनी वर न बघताच विचारलं, कुणाचा? बहिणीचा? मी बकरीचा दुसरा पाय धरला. त्या म्हणाल्या, इथे नव्याने आलेलं प्रत्येक माणूस महिन्याभरात हे विचारायला येतं. सासवा येतात, मैत्रिणी येतात. नवरे तर रांग लावतात.

मग त्यांनी पाय बांधणं थांबवून मला सरळ सांगितलं. त्याला ओढून काढू नका, आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघत बसू नका. हे प्राणी ऊब शोधत डोंगरावरून येतात. जो माणूस आतून जळत असतो त्याच्याइतकी ऊब त्यांना दुसरीकडे कुठे मिळत नाही. प्रेमाने त्यांना कुणी ओढून घेतलं, असं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. हेव्याने मात्र पाहिलंय.

मी म्हटलं, मला नकोच आहे तो. मला माझी बहीण हवी आहे. त्या म्हणाल्या, त्याला तेवढा फरक कळत नाही. घुमण्याचंही विचारलं मी. ठोक्यावर घुमतो म्हणतात, पण आधी घुमणं आणि मग ठोका असंही असेल. कोण कुणाच्या मागून चालतं ते आम्हालाही सांगता येत नाही, म्हणाल्या.

घाबरवायच्या गोष्टी. खेड्यातल्या डॉक्टरांना त्याचा नाद असतोच.

संध्याकाळी ताईसाठी मी निळा स्वेटर उसवून नीट करून दिला. तिने आधी तो बटण्याच्या नाकाशी धरला. त्याने तोंड फिरवलं. तिने घडी घालून कपाटात ठेवला.

२ ऑक्टोबर

जे झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी ताई नहायला गेली. नहाताना ती बटण्याला तिच्या जुन्या ओढणीत गुंडाळून खुर्चीवर ठेवते. भाऊजी कपडे पोचवायला बाहेर गेले होते. मी खोलीत आले तर तो ओढणीतून डोकं काढून न्हाणीघराच्या दाराकडे बघत होता. ज्या एकतानतेने मी लहानपणी बघायचे, ताई अंघोळ करून कधी बाहेर येते म्हणून. तेच दार बघणं. माझी जागा घेऊन बसलेला, वर शहाजोगपणे वाट बघणारा.

मी ओढणीसकट त्याला उचललं आणि खिडकी उघडली. मागे उतार आहे, झुडपं आहेत, तो मेला नसता. डोंगराचा आहे, डोंगरात जाईल, एवढंच माझ्या मनात होतं. कानशिलं इतकी तापली होती की बाहेरचा वारा बरा वाटला.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मग ओढणीतून एक हात बाहेर आला आणि माझ्या अंगठ्याला धरून राहिला. मग दुसरा. मनगटावरून तो वर आला, माझ्या कोपराच्या खोबणीत जरा थांबला, वास घेतला, आणि मानेशी जाऊन बसला. घुमायला लागला. माझ्या छातीत धडधडत होतं तसंच, त्याच घाईत.

मला काय वाटलं ते लिहायला जमणार नाही. आई आजारी पडायच्या आधी जे घर होतं त्यात कुणीतरी दिवा लावला, असं काहीतरी.

मागे दार उघडलं. ताई ओल्या केसांनी उभी होती. तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे. ती नजर मला ओळखीची होती. महिनाभर मी आरशात तीच बघत होते.

५ ऑक्टोबर

परत द्यायचा आहे. लिहून ठेवते. परत द्यायचाच आहे.

भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. ताईने काल त्याला हात पुढे केला. तो माझ्या केसांत शिरला. ताई म्हणाली, असू दे, रमलाय. मग दिवसभर डागांच्या बाटल्या पुसत बसली. संध्याकाळी तिचे हात हातात घेतले तर नळाखाली धरल्यासारखे गार होते.

मी स्वतःच्या जुन्या पोलक्याचं अस्तर लावून कॉलर शिवली. तात्पुरती. कुठेतरी बसायला हवंच ना त्याला.

इतकं शांत मी कधी झोपले नव्हते.

९ ऑक्टोबर

ताईने आज मला 'तुम्ही' म्हटलं.

सकाळी चहा देताना. साखर किती घालू तुम्हाला, असं. मला वाटलं थट्टा. मी म्हटलं, ताई, अगं मी. ती हसली, अगत्याने. पोस्टासमोरच्या बाईसारखी. हो का, म्हणाली. बसा ना.

शाईच्या डागावर तिने गंजाची बाटली ओतली. कोट जळाला. भाऊजींनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, तर तिने त्यांना विचारलं, तुमचं दुकान आहे का हे. छान आहे.

भाऊजी माझ्याकडे आले. मला वाटलं मारतील. त्यांनी हात जोडले. मला ते सहन झालं नाही. मी बटण्याला मानेवरून सोडवायला गेले. त्याची बोटं कातडीत रुतली, रक्त आलं, आणि त्याहून वाईट म्हणजे घुमणं थांबलं. ते थांबल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी हात काढला. पुन्हा सुरू झालं.

१२ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. एकच उपाय, म्हणाल्या: ताई माझ्याहून जास्त जळली पाहिजे. तिच्यासमोर त्याला मिरवा, लाड करा, तिचा तिळपापड होऊ द्या.

मी मिरवलं. ताईसमोर बसून त्याला कुरवाळलं, गालाला लावलं, बघ कसा घुमतो म्हटलं. ताई हातावर हात ठेवून बघत होती. गोड आहे हो तुमचं पिल्लू, म्हणाली. सांभाळा.

मी रडले असते. तो गालावर आला. राहिलं.

१५ ऑक्टोबर

ताई नुसती जवळून गेली तरी तो फिस्कारतो आता. आज तिने माझ्या केसांतला एक धागा काढायला हात पुढे केला. का केला कोण जाणे, तिला मी कोण हेही ठाऊक नाही. हाताची जुनी सवय असेल. तो तिला कडकडून चावला.

भाऊजी तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोल्यांत अशी माणसं ठेवतात. जाताना जिन्यात तिने वळून मला नमस्कार केला.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच— बरं झालं, आता आम्ही दोघंच.

हे वाक्य खोडणार होते. खोडत नाही. कुणीतरी वाचावं आणि मला

१९ ऑक्टोबर

त्याला ही वही आवडत नाही. पेन्सिल हातात घेतली की मनगटावर येऊन बसतो, अक्षरं वाकडी होतात. माझं लक्ष दुसरीकडे गेलेलं चालत नाही त्याला. मशीनवर बसले तर बोटं पकडतो. चार गिऱ्हाइकं परत पाठवली. खिडकीबाहेर बघितलं तरी तो आवाज— बिजागरीचा.

आईचा चेहरा आठवायला बसले होते आज. कपाळापर्यंत येतो, पुढे नाही.

मत्सर माझाच मोठा असं मला वाटत होतं.

२२ ऑक्टोबर

दुकानाचे मालक खाली येऊन ओरडून गेले. मागची पानं चाळली, मी त्यांना भाऊजी म्हणायचे असं दिसतं. ते म्हणत होते, तिला थोडं थोडं आठवायला लागलंय. दिवसभर एकच विचारते, माझी धाकटी कुठे आहे. तुझं नाव घेते. खाली ये.

कुणाची धाकटी ते कळलं नाही. दार उघडलं नाही. तो घुमत होता. भिंत गरम होती.

२४ ऑक्टोबर

वाचून काढलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. खालून वर विंचरायची. म्हणजे ओढ बसत नाही. हे रोज लिहायचं. ताई म्हणजे माझी मोठी

चावला. बोटाला. लिहू नको म्हणतो

२७ ऑक्टोबर

वाचून काढलं. फार लिहिते ही बाई. कुणी ताई आहे तिची.

आम्ही बरे आहोत.

२९ ऑक्टोबर

सकाळपासून कुणीतरी दार वाजवतंय. बाईचा आवाज. बरोबर एक पुरुष आहे, तो तिला जिना चढू नको, छातीला झेपणार नाही म्हणतो.

ती ऐकत नाही. सारखं बोलते. तिला बिलगा नको आहे म्हणते. तिला तिची बहीण हवी आहे. म्हणते, त्या चोराने माझं लेकरू नेलं, त्याला मी असा सोडणार नाही. आवाज थरथरतो. केवढी जळतेय. दारातून इथवर झळ लागते—

तो वर बघतोय. दाराकडे.

घुमणं बदललं. हा माझा ठोका नाही. जलद आहे, मधेच अडखळतो, जिना चढून आलेल्या माणसाचा—

एक हात सोडला त्याने. केसांतून.

नाही.

डाव्या मुठीत धरलाय. घट्ट. बोटं लहान आहेत त्याची, सुटतात. अजून घट्ट. माझा आहे. तिने आधी किती वर्षं

काहीतरी मोडलं मुठीत. काडीसारखं. घुमणं थांबलं.

थांबलं तरी चालेल. निदान तिच्याकडे तरी

दारावरची थापही थांबली.

बाहेर काहीतरी जड पडलं. जिन्यावरून. तो पुरुष कुणाला तरी हाका मारतोय, नावाने, सारखा— हे नाव मला— भाऊजींचा आवाज आहे हा. भाऊजी कुणाला

ताई. बाहेर ताई आहे. दार उघडते, ताई, मी आलेच, मी